व्यापाराच्या पटामागचा माणूस

मोठ्या माणसांची स्मारके आपण चौकातल्या पुतळ्यांत शोधतो, ग्रंथालयाच्या कपाटांत शोधतो, फार तर एखाद्या रस्त्याच्या नावात शोधतो. पण असाही एक मोठा माणूस होऊन गेला की ज्याचे स्मारक उन्हाळ्याच्या सुटीत घरोघरच्या फरशीवर मांडले जाते. फासे टाकायचे, मुंबई विकत घ्यायची, दिल्लीवर घरे बांधायची, सख्ख्या भावंडांकडून भाडे वसूल करायचे आणि शेवटी रडारड झाली की पट गुंडाळून ठेवायचा! ‘व्यापार’ हा खेळ न खेळलेला मुलगा आपल्याकडे विरळाच. त्या पटामागे हेन्री जॉर्ज नावाचा एक अमेरिकन माणूस उभा आहे, हे मात्र फासे टाकणाऱ्यांना ठाऊक नसते. आणि दैवाचा विनोद असा की, या माणसाने जन्मभर जे सांगितले त्याच्या नेमके उलट तो पट मुलांना शिकवून जातो.

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी आहे. खंडाच्या सिद्धान्ताचे प्रकरण आले की आमच्या क्रमिक पुस्तकांत रिकार्डोला पानेच्या पाने मिळतात. हेन्री जॉर्जच्या वाट्याला आली तर एखादी ओळ येते. परंतु एके काळी त्याचे पुस्तक लाखांनी खपले होते आणि न्यूयॉर्कपासून सिडनीपर्यंत त्याची व्याख्याने ऐकायला सभागृहे भरत होती. त्या विस्मृत माणसाची ही कथा.

हेन्रीचा जन्म २ सप्टेंबर १८३९ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया या शहरी झाला. दहा भावंडांत तो दुसरा. वडील धार्मिक पुस्तके प्रसिद्ध करीत. त्यात भागेना म्हणून पुढे जकात कचेरीत कारकुनी करू लागले. चौदावे वर्ष पुरे व्हायच्या आतच हेन्रीची शाळा सुटली, ती कायमची. पंधराव्या वर्षी, म्हणजे १८५५ साली, तो एका जहाजावर पोरगा-खलाशी म्हणून चढला. योगायोग पाहा, त्या जहाजाचे नाव होते ‘हिंदू’, आणि ते मेलबर्नवरून कलकत्त्याला निघाले होते. पूर्वेकडील अलोट संपत्तीच्या गोष्टी ऐकून आलेल्या या पोराने हुगळीच्या पात्रात काय पाहिले? प्रवाहाबरोबर वाहत जाणारी प्रेते आणि त्यांवर बसलेले कावळे. श्रीमंतीची कीर्ती आणि दारिद्र्याचे दर्शन यांची ही पहिली गाठ त्याला आपल्या देशात पडली.

परत आल्यावर तो छापखान्यात खिळे जुळवायला शिकला. विद्यापीठाचे तोंड न पाहिलेल्या या माणसाचे खरे शिक्षण त्या खिळ्यांच्या पेटीसमोर उभे राहून झाले. १८५८ साली तो कॅलिफोर्नियात गेला. सोन्याच्या शोधात थेट कॅनडाच्या किनाऱ्यापर्यंत भटकला, हात हलवीत परत आला आणि पुन्हा खिळे जुळवू लागला. १८६१ साली बाविसाव्या वर्षी त्याने अॅनी फॉक्स या अठरा वर्षांच्या अनाथ मुलीशी पळून जाऊन लग्न केले. लग्नात अंगावर होता तो पोशाखही उसना होता!

पुढची चार वर्षे उपासमारीची गेली. जानेवारी १८६५ मध्ये दुसरे मूल जन्मले तेव्हा घरात खायला काही नव्हते. आई आणि मूल दोघेही भुकेने खंगली आहेत, असे डॉक्टरांनी सांगितले. हेन्री रस्त्यावर गेला आणि जो बरा दिसला अशा पहिल्याच अनोळखी माणसापुढे उभा राहून त्याने पाच डॉलर मागितले. त्या माणसाने कारण विचारले आणि पैसे दिले. ते त्याने दिले नसते तर आपण त्याचा जीवही घेतला असता, इतके त्या घटकेला आपण पिसाळलो होतो, असे पुढे हेन्रीने स्वतःच सांगून ठेवले आहे. दारिद्र्यावर लिहिणारे पंडित पुष्कळ झाले; पण खून आणि भीक यांच्यामधले अंतर स्वतःच्या पावलांनी मोजून मग लेखणी धरणारे किती असतील?

हळूहळू तो खिळे जुळवता जुळवता मजकूरही लिहू लागला आणि वार्ताहर, पुढे संपादक झाला. १८६८-६९ च्या हिवाळ्यात कामानिमित्त न्यूयॉर्कला गेला असता त्याने पाहिले की, जेथे वाडे सर्वांत उंच तेथेच गल्ल्या सर्वांत घाण. नव्या, ओबडधोबड कॅलिफोर्नियात एवढा पैसा नव्हता, पण एवढी भूकही नव्हती. प्रगतीबरोबर दारिद्र्य वाढते हे कोडे त्याला सतावू लागले.

कोड्याचे उत्तर त्याला १८७० साली ओकलंडजवळच्या टेकड्यांत मिळाले. घोड्यावरून रपेट करताना विसावा घेत असता त्याने एका गाडीवानाला सहज तिथल्या जमिनीचा भाव विचारला. गाडीवानाने दूरवर चरणाऱ्या, उंदरांएवढ्या दिसणाऱ्या गाईंकडे बोट केले आणि सांगितले की, तिकडे कोणी एकजण एकराला हजार डॉलरने जमीन विकतो आहे. त्या ओसाड जागेला ही किंमत कोठून आली? मालकाने तेथे कुदळही मारलेली नव्हती. पण आगगाडी आली होती, माणसे येणार होती. माणसे आली की जमिनीचा भाव चढतो आणि त्या जमिनीवर राबणाऱ्याला चढलेला भाव मालकाला मोजावा लागतो. हेन्री जॉर्जचे सारे अर्थशास्त्र त्या गाईंच्या कुरणात जन्मले.

हे समजून घ्यायला मला कॅलिफोर्नियात जावे लागले नाही. आमचे महाविद्यालय गावाबाहेरच्या माळावर आहे. वडीलधारी मंडळी सांगतात की, पूर्वी येथे कुसळांखेरीज काही उगवत नसे. कॉलेज झाले, एस.टी. थांबू लागली, खानावळी आल्या, झेरॉक्सची दुकाने आली आणि बाहेरगावची मुले खोल्या शोधू लागली. ज्यांनी आजूबाजूचा माळ नुसता धरून ठेवला होता ते बसल्या जागी श्रीमंत झाले. आम्ही खोलीचे जे भाडे भरतो त्यातले विटा-पत्र्यांचे किती आणि कॉलेज जवळ असल्याचे किती? आणि कॉलेज जवळ आणले कोणी? लोकवर्गणीने, सरकारी अनुदानाने आणि आमच्या फीने. म्हणजे आमच्याच येण्याने जी किंमत वाढली तिचे भाडे आम्हीच भरतो! माझ्या वर्गातला एक हुशार मुलगा ते भाडे झेपेना म्हणून रोज पहाटेच्या एस.टी.ने ये-जा करू लागला. दुसऱ्या वर्षी तो दिसेनासा झाला. क्रमिक पुस्तकातली खंडाची व्याख्या मला पाठ होती, पण तिचा अर्थ त्याच्या रिकाम्या बाकाने शिकवला.

असो. हेन्री जॉर्जने हा विचार ग्रंथरूपाने मांडला तेव्हा तो काय करीत होता? त्याचे वर्तमानपत्र १८७५ साली हातचे गेले होते आणि तो सरकारी गॅस-मीटर तपासनीस म्हणून पोट भरीत होता. लोकांच्या घरचे मीटर तपासायचे आणि उरलेल्या वेळात जगाच्या दारिद्र्याचे कारण शोधायचे! सप्टेंबर १८७७ मध्ये सुरू केलेला ‘प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी’ हा ग्रंथ मार्च १८७९ मध्ये पुरा झाला. प्रकाशक मिळेना, तेव्हा एका मित्राच्या छापखान्यात पहिले काही खिळे त्याने आपल्याच हातांनी जुळवले. त्याने सांगितलेला उपाय एका वाक्यात मावतो. माणसाच्या श्रमावर, घरावर, व्यापारावर कर नको. जमिनीला जी किंमत समाजामुळे येते तेवढीच कररूपाने समाजाने परत घ्यावी. या ‘एकच करा’च्या पंथाला पुढे त्याचेच नाव मिळाले.

या ग्रंथात हिंदुस्थानही आहे. हिंदुस्थानातले दुष्काळ लोकसंख्या फार वाढल्यामुळे पडतात, हा मॅल्थसपंथीयांचा दावा त्याने खोडून काढला आणि भुकेचे खापर लुटारू राज्यकारभारावर फोडले. तो हे लिहीत होता त्याच सुमारास, १८७६ ते १८७८ या काळात, आपल्या दख्खनेत महादुष्काळ पडला होता हे आठवले की अंगावर काटा येतो. आपल्या प्रतिपादनासाठी त्याने ज्या लेखकांचा आधार घेतला त्यांत लंडनचे हिंडमन होते. हेच हिंडमन दादाभाई नौरोजींचे स्नेही, आणि १८८२ साली हेन्री जॉर्ज लंडनला गेला तेव्हा उतरला तोही त्यांच्याच घरी. विचारांची सोयरीक कशी जमते पाहा!

मात्र येथे एक शंका उपस्थित करणे मला भाग वाटते. आपल्या रयतवारी मुलखात जमिनीचा सारा सरकार घेतच होते. पीक येवो न येवो, हप्ता भरावाच लागे. तो भरण्यासाठी शेतकरी सावकाराच्या दारी जाई, आणि १८७५ साली सुपे येथे पेटलेल्या दंग्याच्या मुळाशी हीच कहाणी होती. जमिनीचा पैसा सरकारजमा झाला म्हणजे तो लोकांचा झाला असे नव्हे. तो घेणारे सरकार कोणाचे आणि खर्च कोणासाठी, हा प्रश्न उरतोच. कर पिकावर नको, जागेच्या मोलावर हवा, असे जॉर्जचे अनुयायी यावर म्हणतील. तरीही आपला अनुभव त्याच्या सिद्धान्ताच्या वहीत एक समास राखून ठेवतो.

आणखी एक गोष्ट झाकून ठेवता येत नाही. कॅलिफोर्नियात मजुरी करणाऱ्या चिनी लोकांविरुद्ध त्याने १८६९ साली कडवट लेख लिहिला होता. जमीन सर्वांची म्हणणाऱ्या माणसाच्या ‘सर्वां’त तेव्हा चिनी मजूर बसत नव्हता. पुढे त्याच चीनचे नेते सन् यत् सेन यांनी जमिनीच्या करासंबंधीची त्याची कल्पना आपल्या कार्यक्रमात घेतली. काळाने घेतलेला हा सूड मोठा सौम्य म्हटला पाहिजे.

१८८० साली तो न्यूयॉर्कला राहायला आला. आयर्लंडच्या कुळांच्या लढ्यावर लिहायला गेला असता इंग्रज पोलिसांनी त्याला दोनदा पकडले. १८८६ साली न्यूयॉर्कच्या कामगारांनी त्याला महापौरपदासाठी उभे राहण्याची गळ घातली. तीस हजार सह्या आणा, मग उभा राहतो, असे त्याने सांगितले. त्यांनी त्याहून अधिक आणल्या. मतमोजणीत डेमोक्रॅटिक पक्षाचे ह्युइट यांना सुमारे ९०,५००, जॉर्जला सुमारे ६८,१०० आणि तिसऱ्या उमेदवाराला सुमारे ६०,४०० मते पडली. हा तिसरा उमेदवार होता थिओडोर रूझवेल्ट, जो १९०१ साली अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. जॉर्ज मात्र राजकारणाच्या काठावरच राहिला. १८९७ साली डॉक्टरांनी बजावले असतानाही तो पुन्हा उभा राहिला. एका दिवसात चार-चार सभा घेतल्या आणि मतदानाला चार दिवस उरले असता, २९ ऑक्टोबरच्या पहाटे, मेंदूतील रक्तस्रावाने त्याचे निधन झाले. त्याच्या अंत्यदर्शनासाठी लाखभर माणसे लोटली. ज्याला लोकांनी निवडून दिले नाही त्याला लोकांनी खांदा मात्र दिला.

माणूस गेला, पण त्याचा विचार भलत्याच दारांनी घरात शिरत राहिला. लंडनमध्ये त्याचे व्याख्यान ऐकून जॉर्ज बर्नार्ड शॉ अर्थशास्त्राकडे वळला. टॉलस्टॉयच्या ‘रिझरेक्शन’ या कादंबरीचा नायक आपली जमीन शेतकऱ्यांना देतो ती हेन्री जॉर्जच्या पद्धतीने. ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेरा हिचा आराखडा करणारा वॉल्टर बर्ली ग्रिफिन हाही जॉर्जपंथी. कॅनबेराची जमीन विकली जात नाही, भाडेपट्ट्याने दिली जाते. हा ग्रिफिन १९३५ साली लखनौला आला, तेथील विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा आराखडा करण्यासाठी, आणि १९३७ साली तेथेच वारला. हुगळीवर सुरू झालेल्या कथेचा एक धागा असा गोमतीच्या काठी येऊन विसावला. आणि सिनेमा? हेन्री जॉर्जची मुलगी अॅना हिने विल्यम डी मिल याच्याशी लग्न केले. ‘टेन कमांडमेंट्स’वाला सेसिल डी मिल हा या विल्यमचा धाकटा भाऊ. अॅनाची मुलगी अॅग्नेस ही अमेरिकेतील नामवंत नृत्यदिग्दर्शिका झाली. ‘ओक्लाहोमा’ या गाजलेल्या संगीतिकेतील नृत्ये तिचीच.

परंतु या साऱ्यांहून चमत्कारिक दार उघडले ते लिझी मॅगी नावाच्या स्त्रीने. ही वॉशिंग्टनला लघुलेखनिकेची नोकरी करीत असे. वडिलांनी तिच्या हाती हेन्री जॉर्जचे पुस्तक दिले आणि ती कट्टर अनुयायी झाली. व्याख्यानाने लोक जांभया देतात, तेव्हा खेळातून शिकवावे, असे तिने ठरवले. ५ जानेवारी १९०४ रोजी तिला ‘लँडलॉर्ड्स गेम’ या खेळाचे पेटंट मिळाले. चौकोनी पट, चारी बाजूंना जमिनी, आगगाड्या, तुरुंग, अनाथालय, आणि दर फेरीला मिळणारी मजुरी. एका उमरावाच्या वतनात पाऊल पडले तर सरळ तुरुंग! पुढे तिने दोन प्रकारचे नियम दिले. एका प्रकारात भाडे मालकाला मिळते आणि शेवटी एकजण सर्वांना नागवतो. दुसऱ्यात जमिनीचे भाडे सार्वजनिक तिजोरीत जाते, आणि सर्वांत गरीब खेळाडूची पुंजी दुप्पट झाली की सगळेच जिंकतात.

हा पट हाताने उतरवला जात जात गावोगाव, कॉलेजांतून, मित्रमंडळींतून पसरला. अटलांटिक सिटीच्या मंडळींनी त्यावर आपल्या रस्त्यांची नावे घातली. तो फिलाडेल्फियात, म्हणजे हेन्री जॉर्जच्याच जन्मगावी, चार्ल्स डॅरो नावाच्या एका बेकार विक्रेत्याच्या हाती पडला. त्याने उतरवून घेताना एका वस्तीच्या नावातली स्पेलिंगची चूकसुद्धा तशीच उचलली! १९३५ साली त्याने हा खेळ आपला म्हणून पार्कर ब्रदर्स या कंपनीला विकला. कंपनीने लिझीचे पेटंटही पाचशे डॉलरला घेऊन टाकले. ‘मोनोपोली’ जगभर गेला, डॅरो लक्षाधीश झाला. १९४० च्या शिरगणतीत लिझीने आपला धंदा खेळ तयार करण्याचा म्हणून नोंदवला. उत्पन्नाच्या रकान्यात शून्य होते. १९४८ साली ती वारली. दुसऱ्याच्या श्रमाचे मोल तिसऱ्याने खावे, हा जो अन्याय दाखवण्यासाठी तिने खेळ रचला तोच अन्याय त्या खेळाने तिच्यावर केला.

सत्य उजेडात आले तेही अपघाताने. सॅन फ्रान्सिस्कोच्या, म्हणजे जेथे जॉर्जने ग्रंथ लिहिला त्याच शहरातल्या, राल्फ अॅन्स्पाक या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने १९७३ साली ‘अँटी-मोनोपोली’ हा खेळ काढला. कंपनीने खटला भरला, आणि १९७७ साली त्या खेळाचे हजारो खोके चक्क जमिनीत पुरले गेले. बचावाचे पुरावे हुडकता हुडकता प्राध्यापकमहाशय लिझी मॅगीपर्यंत पोहोचले. १९८३ साली खटला त्यांच्या बाजूने संपला, तेव्हा कोठे तिचे नाव पुन्हा लोकांच्या कानी पडू लागले.

आपल्या ‘व्यापारा’च्या पटावर अटलांटिक सिटीच्या जागी मुंबई-दिल्ली आल्या, डॉलरच्या जागी रुपये आले, नियम मात्र पहिल्या प्रकारचेच राहिले. सर्वांना सारखे पैसे मिळतात, फासे सर्वांना सारखेच, कोणी आळशी नसतो, कोणी उधळ्या नसतो. तरी दोन तासांनी एकाच्या पुढे नोटांची चळत असते आणि बाकीच्यांचे हात रिकामे. धाकटी भावंडे चिडून पट उधळतात तेव्हा मोठी माणसे त्यांना रडकी म्हणतात. मला वाटते, हेन्री जॉर्जला त्यांच्या रडण्यात एक चांगला प्रश्न ऐकू आला असता.

तेव्हा मित्रहो, येत्या सुटीत पट मांडाल तेव्हा एक डाव लिझीच्या दुसऱ्या नियमांनी खेळून पाहा. घराचे भाडे घर बांधणाऱ्याला द्या, पण जमिनीचे भाडे मधल्या वाटीत टाका आणि ती वाटी सर्वांची माना. डाव कदाचित लवकर संपेल, कदाचित तेवढा रंगणारही नाही. पण पट उचलताना कोणी रडत नसेल.